कर्ज हलवावे की राहू द्यावे?

घरावर कर्ज काढलेल्या माणसाने वर्षातून एकदा तरी आपल्या कर्जाचा उतारा मागवून तो स्वस्थपणे वाचावा, असे कोणी आम्हांस पूर्वी सांगितले असते तर आम्ही आदराने मान डोलावली असती आणि पुढे काहीही केले नसते. साडेपाच वर्षे आम्ही असेच वागलो. दरमहा 5 तारखेस पगाराच्या खात्यातून ₹10,414 आपोआप वळते होत, आणि ते वळते झाले की त्या महिन्यापुरते आपण ऋणातून सुटलो असे आम्हांस वाटे. हप्ता एकदाही चुकला नाही, म्हणजे कर्ज फिटत चालले आहे, अशी आमची भाबडी समजूत होती.

हे कर्ज कशापायी झाले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. 2019 च्या ऑगस्ट महिन्यातील अतिवृष्टीने बेळगाव जिल्ह्यात जो अनर्थ केला तो वाचकांच्या स्मरणात असेलच. आमच्या खानापूर तालुक्यातही पावसाने कहर केला आणि वडिलांच्या हातचे आमचे मातीच्या भिंतींचे कौलारू घर मागील बाजूने कोसळले. आईची खाट त्याच खोलीत असे. त्या रात्री ती बहिणीकडे गेली होती, यास आम्ही देवाची कृपा मानतो. पुढे घर नव्याने बांधावयाचे ठरले. ग्रामपंचायतीचे ई-स्वत्तूचे उतारे तयार नसल्यामुळे बँकेने कर्ज नाकारले. एका गृहवित्त कंपनीने मात्र पंधरा दिवसांत होकार दिला. 2020 च्या आरंभी आम्ही तिच्याकडून ₹12,00,000 घेतले. मुदत 20 वर्षे, व्याजदर शेकडा साडेआठ, परंतु तरता. ‘तरता’ या शब्दाचा अर्थ सही करताना आम्ही विचारला नाही. त्या वेळी आमचे वय 41 होते. शाळेच्या नोकरीतून 2039 साली निवृत्त व्हावयाचे आणि पुढल्याच वर्षाच्या आरंभी कर्ज संपावयाचे, असा तो मेळ आम्हांस फार समाधानकारक वाटला होता.

2025 च्या जुलैत आमच्या थोरलीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. चार वर्षांच्या शिक्षणास, वसतिगृह धरून, घरातून सुमारे दीड लाख रुपये घालावे लागणार होते. घरावर आणखी थोडे कर्ज मिळेल काय, हे पाहावे म्हणून कंपनीच्या कचेरीतून आम्ही उतारा आणला आणि जेवणे झाल्यावर दिव्याखाली उघडला. 66 हप्ते भरून झाले होते. एकूण भरणा ₹6,87,324. शिल्लक मुद्दल ₹11,00,000 आणि वर काही शेकडे. आम्ही तो आकडा दोनदा वाचला, नंतर थोरलीकडून वाचून घेतला. पावणेसात लाखांहून अधिक रक्कम देऊन मुद्दल उतरले होते जेमतेम एक लाख! त्याखाली आणखी एक ओळ होती: उरलेले हप्ते 273. म्हणजे पावणेतेवीस वर्षे. वीस वर्षांच्या कर्जाची साडेपाच वर्षे गेल्यावर साडेचौदा उरावयास हवी होती. आता ते 2048 साली संपणार, आणि त्या वेळी आम्ही एकोणसत्तर वर्षांचे असणार.

आम्हांस प्रथम वाटले की ही लबाडी आहे. शांतपणे पाहता ती लबाडी नव्हती. सही केलेल्या कागदात सर्व लिहिलेले होते. झाले असे. ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांस थोड्या मुदतीसाठी पैसा देते तो रेपो दर 2020 च्या मे महिन्यापासून दोन वर्षे शेकडा 4 होता. 2022 च्या मे महिन्यात तो चढू लागला आणि 2023 च्या फेब्रुवारीत साडेसहावर गेला. त्याबरोबर आमच्या कंपनीने आपला दर साडेआठावरून सव्वादहावर नेला. दर चढला की एक तर हप्ता वाढावयास हवा किंवा मुदत. कंपनीने हप्ता हलविला नाही, मुदत लांबविली. त्यामुळे आमच्या खिशाला काहीच जाणवले नाही. 2023 मध्ये ₹10,414 च्या हप्त्यातले ₹9,600 हून अधिक निव्वळ व्याजात जात आणि मुद्दलाच्या वाट्यास ₹800 सुद्धा येत नसत. त्याच वर्षी 18 ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सर्व कर्जदात्यांस बजावले की, दर बदलल्यावर हप्ता वाढवावा की मुदत, हे कर्जदाराला समजावून सांगून त्याची निवड घ्यावी. आम्हांसही भ्रमणध्वनीवर इंग्रजीत काही संदेश आले असावेत. पण असले संदेश न वाचता पुसून टाकण्याची आमची सवय, तेव्हा सगळा दोष कंपनीच्या माथी मारणे आम्हांस शोभणार नाही.

तथापि एका गोष्टीचा राग आम्हांस आला आणि तो अजून आहे. 2025 च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जून या तीन महिन्यांत मिळून रिझर्व्ह बँकेने रेपो दर पूर्ण एक टक्का उतरविला होता. आमच्या उताऱ्यावर मात्र सव्वादहा तसेच. चढताना तत्परता आणि उतरताना विस्मरण! चौकशी केली तेव्हा कारण कळले. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी द्यावयाची तरत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरील मानदंडाशी जोडणे त्यांस बंधनकारक झाले आहे. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन घातलेले नव्हते. त्यांचा दर त्या आपल्या अंतर्गत मापाने ठरवितात.

येथे थोडे विषयांतर करतो. व्याज घ्यावे की न घ्यावे, यावर ख्रिस्तसभेत शतकानुशतके वाद झालेला आहे. पंधराव्या शतकात इटलीतील फ्रान्सिस्कन साधूंनी गोरगरिबांस सावकारापासून सोडविण्यासाठी गहाण ठेवून अल्प खर्चात कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. पेरुज्या नगरातील पेढी 1462 सालची. त्या पेढ्या जो थोडा आकार घेत तो पापरूप व्याज आहे काय, असा आक्षेप निघाला, तेव्हा 1515 साली पोप दहावे लिओ यांच्या अध्यक्षतेखालील पाचव्या लॅटरन परिषदेने निर्णय दिला की, पेढी चालविण्याच्या खर्चापुरता आकार घेण्यात पाप नाही. आजच्या बँका म्हणजे त्या पेढ्या नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु ‘हा जादा आकार कशाबद्दल?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क कर्जदाराला आहे, एवढे धैर्य आम्हांस त्या इतिहासाने दिले. आम्ही कंपनीच्या कचेरीत जाऊन तो प्रश्न विचारला. उत्तर मिळाले, “सिस्टीमप्रमाणे आहे.”

मग आम्ही बेळगावास एका बँकेत गेलो. आता ई-स्वत्तूचे उतारे हाती होते. तेथील तरुण अधिकारी धारवाडकडचा. तो कानडीत बोले, आम्ही मराठीत, आणि अडले की दोघेही हिंदीत. त्याने सांगितले की बँक आमचे कर्ज शेकडा 8 दराने आपल्याकडे घेईल आणि जुन्या कंपनीला मुदतपूर्व फेडीचा दंड द्यावा लागणार नाही, कारण व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर तो घेताच येत नाही. बँकांना रिझर्व्ह बँकेने ही मनाई 2012 साली केली आणि गृहवित्त कंपन्यांनाही ती लागू आहे. नंतर त्याने एका कागदावर आकडे मांडले. ₹11,00,000, नव्याने 20 वर्षे, हप्ता ₹9,201. “महिन्याला बाराशे तेरा रुपये वाचले, सर,” तो म्हणाला. आणि लगेच दुसरी ओळ लिहिली: “वरती दीड लाख टॉप-अप घेतले तर हप्ता ₹10,456. म्हणजे आज भरता त्याहून फक्त ₹42 अधिक.”

आमची मंडळी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो आम्ही पाहिला. घरी येताना गाडीतच ती म्हणाली, “अहो, हप्ता जवळजवळ तोच राहणार, थोरलीचे चार वर्षांचे पैसे आजच हातात येणार, मग अडते कोठे?” आम्ही म्हणालो, “हिशेब करून पाहू.” ती म्हणाली, “तुमचा हिशेब होईतो कॉलेजची तारीख निघून जाईल.”

तिचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. शेकडा 8 दराने आमच्यासारख्याला दुसरे कोणते कर्ज मिळते? सोन्यावर काढा, पतसंस्थेतून काढा, दर यापेक्षा चढाच. आणि मुलगी शिकली तर ती घराला हातभार लावील, यात शंका नाही. तिने आणखी एक मुद्दा काढला, तो त्या अधिकाऱ्यानेच सांगितलेला होता: दंड नाही, तर मुदत वीस वर्षांची घ्यावी, हप्ता हलका ठेवावा आणि जमेल तेव्हा जादा रक्कम भरून कर्ज लवकर संपवावे. ज्यांची मिळकत कमी-जास्त होते, म्हणजे शेतकरी, गवंडी, रिक्षावाले, त्यांनी असेच करावे असे आमचेही मत आहे. वाईट महिन्यात हलका हप्ता घर वाचवितो. पण आमचा पगार ठरलेला, आणि आम्ही स्वतःस ओळखून आहो. ‘जमेल तेव्हा जादा भरू’ म्हणणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला ते कधीच जमत नाही. साडेपाच वर्षांत साधा उतारा मागविणे आम्हांस जमले नव्हते!

त्या आठवड्यात आम्ही रोज रात्री जपमाळेची प्रार्थना झाल्यावर वही काढून बसू. गावातील एक निवृत्त पोस्टमास्तर, जे आमचे कानडी कागद नेहमी वाचून देतात, तेही येऊन बसत. हळूहळू चित्र उलगडले. दीड लाख रुपये 8 टक्क्यांनी वीस वर्षे फेडावयाचे म्हणजे महिना ₹1,255, आणि एकूण सुमारे ₹3,01,000. चार वर्षांच्या शिक्षणाचे पैसे आम्ही वीस वर्षे फेडीत राहणार आणि ते दुप्पट होणार. शिवाय ती सर्व रक्कम आजच लागणार नव्हती. पहिल्या वर्षास ₹42,000 पुरे होते. उरलेल्या पैशावर, तो लागण्यापूर्वीच, व्याज सुरू होणार. आणि हाती आलेला पैसा चार वर्षे कपाटात शहाण्यासारखा बसून राहील असे मानणे, हे तर आमच्या घराचा इतिहास विसरणे होते.

मग आम्ही उलट बाजूने हिशेब केला. हप्ता आहे तोच, ₹10,414, ठेवला आणि दर तेवढा 8 झाला तर कर्ज किती वर्षांत संपेल? पोस्टमास्तरांच्या नातवाने भ्रमणध्वनीवर आकडे घातले: 183 हप्ते, सव्वापंधरा वर्षे. आणि मुदतच साडेचौदा वर्षे, म्हणजे 174 हप्ते धरली तर? हप्ता ₹10,701. आजच्यापेक्षा फक्त ₹287 अधिक. सर्वजण क्षणभर गप्प झाले. तीनशे रुपयांहून कमी जादा भरून आमचे कर्ज पुन्हा मूळच्या वेळी, आमच्या निवृत्तीच्या सुमारास संपत होते. टॉप-अपसह वीस वर्षांत एकूण भरणा ₹25,09,440. या रीतीने ₹18,61,974. मध्ये साडेसहा लाखांचा फरक. जुन्या कंपनीतच पडून राहिलो तर भरावयाची रक्कम अठ्ठावीस लाखांच्या वर जात होती.

मंडळी आकडे पाहून काही बोलली नाही. उठून आत गेली. तिला आकडे कळले नाहीत असे नव्हे. दीड लाखांचा प्रश्न पुन्हा तिच्या शिवणयंत्रावर येऊन पडणार, हे तिला आमच्याआधी कळले होते.

7 सप्टेंबर 2025 चा रविवार आला. कार्लो अकुतिस आणि पिएर जॉर्जो फ्रास्साती यांस त्याच दिवशी रोममध्ये संतपद जाहीर झाले, म्हणून तो अनेकांच्या लक्षात असेल. त्या दिवशीच्या मिस्सेचे शुभवर्तमान संत लूकच्या चौदाव्या अध्यायातील: बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून, तो पुरा करण्याइतके आपल्यापाशी आहे की नाही, ते मोजावे. प्रभूचा रोख शिष्यत्वाच्या किमतीकडे आहे, गृहकर्जाकडे नाही, हे फादरांनी प्रवचनात नीट सांगितले. तरी आमचे कान टवकारले गेले, हे कबूल करतो. मिस्सेनंतर आम्ही फादरांस सर्व हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मला चर्चच्या जमाखर्चापलीकडे काही समजत नाही. पण तुम्ही निवृत्त कोणत्या वर्षी होणार? आणि दोघांचे एकमत झाले आहे का?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते.

दुसऱ्यासाठी त्या दुपारी आम्ही मंडळीशी बोललो, या वेळी वही न घेता. बराच वेळ लागला. शेवटी ठरले की टॉप-अप घ्यावयाचा नाही. थोरलीचे पहिल्या वर्षाचे ₹42,000 महिला संघाच्या बचतीतून आणि आमच्या सणाच्या उचलीतून उभे करावयाचे. पुढील वर्षांचे पुढे पाहावयाचे. त्या बदल्यात आम्ही मोटारसायकल बदलण्याचा बेत सोडला. ती म्हणाली, “तुमचे खरे आहे. पण खरे असले म्हणजे सोपे असते असे नाही.”

आम्ही फेडीचे पत्र मागताच मात्र जुन्या कंपनीचा सूर बदलला. जी कचेरी दराविषयी अक्षर बोलावयास तयार नव्हती तिनेच आता ₹6,490 भरल्यास दर 9 करून देऊ, असे कळविले. हा प्रस्ताव तुच्छतेने नाकारण्यासारखा नव्हता. बँकेकडे जाण्याचा खर्च, म्हणजे प्रक्रियेचे शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, घराचे मूल्यमापन, नव्या तारणाची नोंद व मुद्रांक, सर्व धरून ₹21,000 च्या घरात होता. कंपनीत राहिल्यास साडेचौदा हजार वाचत होते. पण अकरा लाखांवर एक टक्का म्हणजे पहिल्या वर्षीच सुमारे ₹11,000. तेव्हा ती बचत सव्वा-दीड वर्षात संपणार, आणि पुढील तेरा वर्षे आम्ही पुन्हा त्याच अंतर्गत मापाच्या स्वाधीन. जुन्या हप्त्यानेच 9 टक्क्यांत कर्ज संपावयास 210 हप्ते लागत होते, बँकेत 183. आम्ही हलविण्याचे ठरविले.

हे वाचून प्रत्येकाने बँकेकडे धाव घ्यावी असे मात्र नाही. आमच्या शेजाऱ्यांची दोन लाखांची बाकी तीन वर्षांत फिटावयाची होती. दर 10 चा 8 झाला असता तर तीन वर्षांत त्यांचे वाचले असते सुमारे ₹6,700, आणि वकील-मुद्रांकातच त्याहून अधिक गेले असते. त्यांस आम्ही हलू नका म्हणून सांगितले. शेवटच्या वर्षांत हप्त्यातील व्याजाचा भाग आधीच थोडा उरलेला असतो.

कागदांची यातायात सविस्तर सांगून वाचकांस शिणवीत नाही. फेडीचे पत्र देण्यास कंपनीने तीन आठवडे लावले. नोंदणी कचेरीतून ई.सी. काढली, तीत आजोबांचे नाव चुकीचे निघाले. बँकेच्या अर्जात तर मुदतीच्या रकान्यात 240 हा आकडा आधीच छापून आलेला होता. तो खोडून 174 लिहावयास आणि शेजारी अधिकाऱ्याची सही घ्यावयास आम्ही विसरलो नाही. ऑक्टोबरात कर्ज हलले. आमच्या घराचे मूळ कागद कंपनीकडून बँकेकडे जाताना आम्ही यादी करून एकेक पान तपासले. पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत दिले पाहिजेत, न दिल्यास दर दिवसास ₹5,000 भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. पोस्टमास्तरांनी तो कंपनीच्या कारकुनास कानडीत ऐकविला, तेव्हा कागद बाराव्या दिवशी निघाले. नोव्हेंबरात पहिला हप्ता गेला. शेवटचा 2040 च्या एप्रिलात जावयाचा आहे.

डिसेंबर 2025 मध्ये रेपो दर आणखी पाव टक्का उतरला आणि जानेवारीत बँकेचे पत्र आले. या वेळी ते आम्ही त्याच संध्याकाळी वाचले. दर 7.75, कर्जदाराने हप्ता कमी करावा की मुदत, ते कळवावे. हप्ता घटविल्यास महिना ₹155 कमी. मुदत घटविल्यास शेवटचे चार-पाच हप्ते गळणार. आमचा हात मुदतीकडे वळला होता. मंडळी यंत्रावर बसून कोणाचा तरी झगा शिवीत होती. मान वर न करता म्हणाली, “थोरलीच्या वसतिगृहात दुधाचे पैसे वेगळे द्यावे लागतात.”

आम्ही हप्त्यापुढे खूण केली.